विक्रम साराभाई: उपग्रहाच्या आधी ग्राउंड स्टेशन

कुरुळी फाट्यावरून पुणे-नाशिक हायवेला उत्तरेकडे निघालं की आधी चाकणचं ट्रॅफिक, मग राजगुरुनगर, मंचर आणि पुढे नारायणगाव. अंतर फार नाही, पन्नासेक किलोमीटर. चाकण पट्ट्यात काम करणारे आपल्यापैकी बरेच जण वीकेंडला याच रस्त्याने जुन्नरला किंवा ओझर-लेण्याद्रीला जातात. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच परिसरात आर्वी नावाचं गाव आहे आणि १९७१ साली तिथे भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भू-केंद्र सुरू झालं, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक असतं. त्या केंद्राला पुढे विक्रम हे नाव मिळालं.

हे विक्रम म्हणजे डॉ. विक्रम साराभाई. शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक अशी एका ओळीत असते. त्या ओळीमुळे डोळ्यांसमोर रॉकेट येतं. पण इंजिनिअरच्या नजरेने त्यांचं आयुष्य वाचलं तर एक वेगळी गोष्ट दिसते. भारताकडे स्वतःचा उपग्रह नव्हता तेव्हा या माणसाने उपग्रहाशी बोलणारी जमिनीवरची यंत्रणा उभी करायला घेतली. आज आपण त्याच बाजूने त्यांची गोष्ट बघू.

गिरणीमालकाचा मुलगा आणि गायगर काउंटर

विक्रम साराभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ चा, अहमदाबादचा. वडील अंबालाल साराभाई कॅलिको मिलचे मालक. घरात पैसा होता आणि स्वातंत्र्य चळवळीतल्या मोठ्या लोकांची ये-जा होती. मुलांसाठी घरातच शाळा चालवली जायची. विक्रम पुढे केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात शिकायला गेले, पण दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि त्यांना परत यावं लागलं. मग बंगळूरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी काम सुरू केलं. होमी भाभाही युद्धामुळे तिथेच अडकले होते. दोघांची ओळख इथली.

साराभाईंचा विषय होता विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणारे अतिऊर्जावान कण. १९४२ मध्ये त्यांचं नृत्यांगना मृणालिनी स्वामीनाथन यांच्याशी लग्न झालं. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि १९४७ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे पीआरएल, सुरू झाली. हवामान खात्यातून निवृत्त झालेले के. आर. रामनाथन तिचे पहिले संचालक झाले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. विश्वकिरणांचा अभ्यास म्हणजे वर्षानुवर्षं न थांबता मोजमाप घेणं. काउंटर चालू राहिला पाहिजे, वेळ अचूक नोंदली गेली पाहिजे, आणि आलेला आकडा खरा आहे की उपकरणाचा बिघाड, हे ओळखता आलं पाहिजे. दूरच्या, हात न लावता येणाऱ्या गोष्टीकडून येणारा सिग्नल जमिनीवर बसून वाचायचा, ही सवय त्यांना रॉकेटच्या कितीतरी आधी लागली होती.

माणूस एका विषयात मावणारा नव्हता. कापड उद्योगाच्या संशोधनासाठी अटिरा, व्यवस्थापन शिक्षणासाठी आयआयएम अहमदाबाद, शिवाय घरच्या औषध कंपन्या, असं सगळं एकाच वेळी चालू होतं.

थुंबा: पहिली काउंटडाउन

१९६२ मध्ये अवकाश संशोधनासाठी इन्कोस्पार ही राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि साराभाई तिचे अध्यक्ष झाले. समितीचं कामकाज सांभाळणारे सदस्य सचिव होते एकनाथ चिटणीस, मूळ कोल्हापूरचे. रॉकेट सोडायला जागा शोधायची होती आणि साराभाईंची अट शास्त्रीय होती: जागा चुंबकीय विषुववृत्ताजवळ हवी. त्या पट्ट्यात साधारण ११० किलोमीटर उंचीवर विजेचा एक प्रवाह वाहतो. फुगे तिथवर पोचत नाहीत आणि उपग्रह त्याच्या वरून जातात. त्याचा अभ्यास करायला छोटं रॉकेट हेच साधन. केरळातलं थुंबा हे मच्छीमारांचं गाव यात बसलं. तिथलं चर्च आणि बिशपचं घर हेच सुरुवातीचं ऑफिस आणि वर्कशॉप झालं.

साराभाईंनी निवडलेले तरुण इंजिनिअर नासाच्या केंद्रांवर प्रशिक्षणाला गेले. त्यांत ए. पी. जे. अब्दुल कलाम होते, रामभद्रन अरवमुदन होते आणि पुण्यात जन्मलेले प्रमोद काळेही होते. हे सगळे काही फक्त रॉकेट शिकायला गेले नव्हते. अरवमुदन यांचा विषय होता ट्रॅकिंग आणि टेलिमेट्री. म्हणजे वर गेलेली वस्तू नेमकी कुठे आहे आणि ती काय सांगते आहे, हे जमिनीवरून कळण्याचं शास्त्र.

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकन, नायकी-अपाची. त्यातलं सोडियमच्या वाफेचं उपकरण फ्रान्सचं. संगणक आणि हेलिकॉप्टर सोव्हिएत संघाचं. शीतयुद्धाच्या ऐन भरात हे सगळे देश एका किनाऱ्यावर आणणं ही साराभाईंची खरी करामत होती. त्या दिवशी रॉकेट उचलणाऱ्या क्रेनच्या हायड्रॉलिक्सला गळती लागली आणि शेवटचा भाग माणसांनी जोर लावून हलवला. पण संध्याकाळच्या आकाशात सोडियमची केशरी रेघ उमटली आणि काम झालं.

ग्राउंड कंट्रोल म्हणजे नक्की काय?

पुढे जाण्याआधी थोडं तंत्रज्ञान समजून घेऊ. उपग्रहाच्या जमिनीवरच्या यंत्रणेची तीन मुख्य कामं असतात.

पहिलं ट्रॅकिंग. पृथ्वीपासून ६०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर वेगाने जातो आणि ९६-९७ मिनिटांत एक फेरी मारतो. एका स्टेशनला तो दिवसातून मोजक्याच वेळा दिसतो, तेही दर खेपेला दहा-बारा मिनिटं. त्याच्या वेगामुळे सिग्नलची फ्रिक्वेन्सीही सरकते, जवळ येणाऱ्या ॲम्ब्युलन्सच्या सायरनसारखी. १३७ मेगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये हा फरक तीनेक किलोहर्ट्झपर्यंत जातो. रिसीव्हरला तो पकडत राहावा लागतो आणि त्याच फरकावरून कक्षेचं गणितही करता येतं.

दुसरं टेलिमेट्री. बॅटरीचं व्होल्टेज, तापमान, दिशा असे शेकडो आकडे उपग्रह सतत खाली पाठवतो. ते उलगडून, मर्यादेबाहेर गेलेला आकडा वेळेत दाखवायचा.

तिसरं टेलिकमांड. वर आज्ञा पाठवायची. इथे चूक परवडत नाही. म्हणून महत्त्वाची आज्ञा सहसा दोन टप्प्यांत जाते: आधी आज्ञा पाठवा, उपग्रहाने ती बरोबर ऐकली का ते टेलिमेट्रीत तपासा, मगच अंमलबजावणीचा सिग्नल द्या.

आज्ञा चुकली तर काय होतं, याचं उदाहरण लष्करी उपग्रहांच्या सुरुवातीच्या काळात सापडतं. अमेरिकेने १९५९ पासून डिस्कव्हरर नावाचे उपग्रह सोडले. जगाला सांगितलं विज्ञानासाठी, प्रत्यक्षात तो कोरोना हा गुप्त टेहळणीचा कार्यक्रम होता. कॅमेऱ्याची फिल्म एका कुपीत घालून पृथ्वीवर परत टाकायची आणि ती हवाईजवळ पकडायची, अशी योजना. एप्रिल १९५९ मध्ये डिस्कव्हरर-२ च्या टायमरची आज्ञा चुकली, तीही माणसाच्या हातून, आणि कुपी हवाईऐवजी पार उत्तरेला स्पिट्सबर्गनच्या बाजूला उतरली. एकामागून एक अपयशं येत राहिली. डिस्कव्हरर-१३ ची कुपी समुद्रातून हाती लागली ती ऑगस्ट १९६० मध्ये. हे सगळं जगासमोर खुलं झालं १९९५ साली.

चाकण-कुरुळी पट्ट्यात गाड्यांच्या इसीयूचं टेस्टिंग करणाऱ्यांना ही भीती ओळखीची वाटेल. खरी गाडी रस्त्यावर काढायच्या आधी आपण हार्डवेअर-इन-द-लूप बेंचवर इसीयूला खोटे सिग्नल देतो, सेन्सर तुटल्याचं नाटक करतो, सॉफ्टवेअर काय करतं ते बघतो. ग्राउंड सिस्टिमचं टेस्टिंग तत्त्वतः हेच असतं. उपग्रहाचा सिम्युलेटर बनवायचा, त्यात मुद्दाम बिघाड घालायचे आणि खाली बसलेल्या माणसांची आणि सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायची. फरक एवढाच की आपली गाडी चुकली तर टो करून आणता येते.

अहमदाबाद, मग आर्वी

जानेवारी १९६६ मध्ये होमी भाभांचा विमान अपघातात मृत्यू झाला आणि अणुऊर्जा आयोगाची जबाबदारीही साराभाईंवर आली. आता अहमदाबाद, मुंबई, दिल्ली, थुंबा अशी सततची धावपळ सुरू झाली. याच काळात त्यांनी एक निर्णय घेतला, जो वरकरणी उलटा वाटतो.

१९६७ मध्ये अहमदाबादेत प्रायोगिक उपग्रह संचार भू-केंद्र सुरू झालं, संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने. तेव्हा भारताकडे उपग्रह नव्हता, उपग्रह सोडणारं रॉकेटही नव्हतं. पूर्ण भारतीय बनावटीचं पहिलं छोटं रॉकेट, आरएच-७५, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उडालं आणि ते जेमतेम खेळण्याएवढं होतं. मग उपग्रह नसताना भू-केंद्र कशाला?

साराभाईंचा हिशेब असा होता. उपग्रह बनवायला दहा वर्षं लागोत, पण दुसऱ्यांचे उपग्रह वर फिरताहेतच. त्यांच्यावर आपली माणसं अँटेना, रिसीव्हर, ट्रान्समीटर चालवायला आजच शिकू शकतात. आपला उपग्रह वर जाईल तेव्हा खाली शिकाऊ माणसं नसतील. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी टेस्ट बेंच उभा करा, प्रॉडक्ट मागून येऊ द्या.

याची पहिली मोठी परीक्षा आर्वीला झाली. हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहामार्फत परदेशी टेलिफोन आणि टेलेक्स सुरू करायचे होते. तोपर्यंत परदेशी फोन रेडिओच्या शॉर्टवेव्हवर चालायचा. कधी लागायचा, कधी नाही. असं केंद्र परदेशी कंपनीकडून तयार विकत घेणं हा सोपा मार्ग होता आणि सुरुवातीला विचारही तसाच होता. साराभाईंनी सरकारकडे आग्रह धरला की मुख्य जबाबदारी भारतीय इंजिनिअरांना द्यावी.

यातला धोका खरा होता. केंद्र वेळेत चाललं नसतं तर देशाचा परदेश संपर्क लांबला असता. शिवाय अहमदाबादच्या शिकाऊ केंद्राची, आणि एकूणच आपण हे करू शकतो या दाव्याची, सगळ्यांसमोर फजिती झाली असती. तयार माल घेऊन बिघडला तर दोष कंपनीचा. स्वतः बांधून बिघडला तर दोष आपला आणि पुढच्या प्रत्येक बजेटच्या बैठकीत तो ऐकावा लागणार.

काम लहान नव्हतं. आर्वीच्या अँटेनाचा व्यास जवळपास ३० मीटर. चार गिगाहर्ट्झच्या आसपास एवढ्या मोठ्या डिशचा बीम अंशाच्या पाचव्या भागापेक्षाही अरुंद असतो. म्हणजे नाशिक हायवेवरच्या वाऱ्यापावसात एवढा अवजड सांगाडा काटेकोर वळवायचा आणि ३५,७८६ किलोमीटरवरच्या एका ठिपक्यावर रोखून धरायचा. पृष्ठभाग काही मिलिमीटर वाकडा झाला तरी सिग्नल विखुरतो. वरून येणारा सिग्नल इतका क्षीण की रिसीव्हरचा पहिला ॲम्प्लिफायर अतिथंड ठेवावा लागायचा. आणि आजूबाजूला रेडिओचा गोंगाट नको, म्हणून शहरापासून दूर, डोंगरांच्या आडोशाची जागा.

१९७१ मध्ये आर्वीचं केंद्र सुरू झालं आणि नीट चाललं. नारायणगावच्या द्राक्षबागांशेजारून देशाचे परदेशी फोन जाऊ लागले.

टीव्ही, गाव आणि बॉम्ब

साराभाईंना उपग्रह कशासाठी हवा होता? चंद्रावर माणूस पाठवायच्या शर्यतीत उतरायचं नव्हतं. त्यांना खेड्यात टीव्ही पोचवायचा होता. जानेवारी १९६७ मध्ये दिल्लीजवळच्या ८० गावांत कृषिदर्शन हा कार्यक्रम सुरू झाला, तो याच विचाराचा छोटा प्रयोग. १९६९ मध्ये इस्रोची स्थापना झाली आणि त्याच वर्षी नासाशी करार झाला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर भारतासाठी वापरायचा आणि सहा राज्यांतल्या २,४०० गावांत थेट कार्यक्रम दाखवायचे. उपग्रह अमेरिकेचा, पण जमिनीवरची सगळी बाजू भारताने सांभाळायची. अहमदाबादचं केंद्र त्याचा कणा.

दुसरीकडे दबाव वेगळा होता. १९६४ मध्ये चीनने अणुस्फोट केला होता आणि भारतानेही बॉम्ब करावा अशी मागणी जोरात होती. अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षाचा कल मात्र बॉम्बकडे नव्हता. देशाची सुरक्षितता फक्त शस्त्रांत नसते, गरिबी आणि निरक्षरताही देशाला आतून पोखरते, अशी त्यांची धारणा होती. त्यावर त्यांना टीकाही सोसावी लागली. अवकाश कार्यक्रमही त्यांनी उघड आणि नागरी ठेवला. १९६८ मध्ये थुंबा संयुक्त राष्ट्रांना अर्पण करण्यात आलं आणि त्याच वर्षी व्हिएन्नात भरलेल्या अवकाशाच्या शांततामय वापराच्या परिषदेत साराभाई वैज्ञानिक अध्यक्ष होते.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तंत्रज्ञानाला हा फरक कळत नाही. गावातला टीव्ही आणि सीमेवरचा रेडिओ यांना सिग्नल पोचवणारी अँटेना एकाच गणिताने फिरते. २२ ऑक्टोबर २००१ रोजी इस्रोने टेस नावाचा प्रायोगिक उपग्रह सोडला. नाव तंत्रज्ञान चाचणीचं, पण त्याचा कॅमेरा एक मीटर आकाराच्या वस्तू टिपू शकत होता आणि लष्करी उपयोग सगळ्यांना दिसत होता. २०१३ मध्ये नौदलाच्या संपर्कासाठी जीसॅट-७ गेला. या उपग्रहांशी बोलायची विद्या नव्याने शिकावी लागली नाही. ती साराभाईंच्या नागरी कार्यक्रमातच तयार झाली होती. ही त्यांची दूरदृष्टी म्हणायची की त्यांच्या स्वप्नाला लागलेलं वेगळं वळण, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला वाटतं दोन्ही खरं आहे.

न पाहिलेले उपग्रह

डिसेंबर १९७१ च्या अखेरीस साराभाई थुंब्याला गेले. कामं नेहमीसारखीच भरगच्च. ३० डिसेंबरच्या रात्री कोवलमच्या मुक्कामात झोपेतच त्यांचं निधन झालं. वय फक्त ५२. श्रीहरिकोटा नुकतंच कुठे सुरू झालं होतं. ही जागा शोधण्यातही चिटणीसांचाच हात होता. सोव्हिएत संघाच्या मदतीने पहिला उपग्रह पाठवायची बोलणी सुरू होती. त्यांनी एकही भारतीय उपग्रह कक्षेत गेलेला पाहिला नाही.

पहिला उपग्रह, आर्यभट, १९ एप्रिल १९७५ ला गेला. साराभाईंनी हे काम सोपवलेले यू. आर. राव आणि त्यांचे तरुण सहकारी बंगळूरूच्या पीण्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो बनवत होते. जागेची टंचाई एवढी, की बंगळूरूत डेटा घ्यायला एका शौचालयाची खोली बदलून केंद्र केलं होतं. पाचव्या दिवशी वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे वैज्ञानिक प्रयोग बंद पडले. पण उपग्रहाशी संपर्क टिकला. प्रयोग गेले तरी ट्रॅकिंग, टेलिमेट्री, टेलिकमांड यांचा सराव खऱ्या उपग्रहावर झाला. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून २,४०० गावांचा टीव्हीचा प्रयोग सुरू झाला आणि वर्षभर चालला. एवढा मोठा प्रयोग पहिल्याच फटक्यात जमला, कारण अहमदाबादची माणसं आठ वर्षं भू-केंद्रावर घडत होती.

आर्वीच्या केंद्राला विक्रम हे नाव मिळालं. चंद्रावरच्या एका विवरालाही साराभाईंचं नाव आहे. आणि चंद्रावर उतरणाऱ्या यानालाही विक्रमच म्हटलं गेलं. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम उतरताना शेवटच्या टप्प्यात संपर्क तुटला. बंगळूरूच्या इस्ट्रॅक केंद्रातल्या पडद्यावरची रेघ थांबली, ते दृश्य आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. पण खाली टेलिमेट्री साठवलेली होती. इंजिनांनी ठरल्यापेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या आणि यानाला त्या वेळेत सुधारता आल्या नाहीत, हे त्या आकड्यांतूनच उलगडलं. मग काय काय बिघडू शकतं याची यादी करून पुन्हा डिझाइन, पुन्हा सिम्युलेशन, पुन्हा टेस्टिंग. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी दुसरा विक्रम चंद्रावर नीट उतरला.

यान पडलं तेव्हा ते का पडलं हे सांगणारी यंत्रणा जमिनीवर शाबूत होती. साराभाईंनी १९६७ मध्ये उपग्रह नसताना ज्याची सुरुवात केली, ते हेच. पुढच्या वेळी नारायणगाववरून जाल तेव्हा जीएमआरटीसोबत आर्वीचीही आठवण काढा.